खिडकीतील वाफा

आपल्या संस्थेच्या बहुतेक सभासदांचे मूळ गाव घाटावर, कोकणात, मराठवाड्यात किंवा विदर्भात आहे. शेतात राबणे आपल्या मागच्या पिढ्यांना चुकले नाही. परंतु ज्या मातीत राबावयाचे ती माती क्वचितच स्वतःची असे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच मातीच्या हक्कासाठी. आमच्या आईनेही अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या मिरची-वांग्यांच्या वाफ्यांत खुरपणी केली. भाईंदरच्या आमच्या दोन खोल्यांत ती राहावयास आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने खिडकीच्या ग्रिलमध्ये फुटक्या घमेल्यात मेथी पेरली. बाराव्या दिवशी ती खुडून म्हणाली, "बाळा, ही पहिली भाजी, जिच्यात कुणाचा वाटा नाही." त्या दिवसापासून घरच्या भाजीकडे आम्ही केवळ छंद म्हणून पाहिलेले नाही.

१९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ साली ती आठ लाखांवर गेली. शेत, खाजण, मिठागर यांच्या जागी इमारती आल्या. परसू गेले, उरली ती खिडकी, गॅलरी आणि सामाईक गच्ची. एवढ्या जागेत काय होऊ शकते, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ऊन पाहावे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला खिडकीत ऊन आहे की नाही, याची वहीत नोंद करावी. तीन-चार तास ऊन मिळत असेल तर मेथी, पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना होतो. मिरची, टोमॅटो, वांगी, भेंडी यांना मात्र पाच-सहा तास ऊन हवेच. उन्हाविना टोमॅटोचे झाड नुसते उंच वाढते व फळ धरत नाही. त्यात खताचा दोष नसतो. ऊन अगदी कमी असेल तर अळू किंवा मायाळू लावावा.

कुंडी विकतच घेतली पाहिजे असे नाही. रंगाचा स्वच्छ धुतलेला डबा, जुनी बादली, फळांचा क्रेट, गोणपाट काहीही चालते. तळाला चार-पाच भोके मात्र हवीतच. पाणी साचले की मुळे गुदमरून कुजतात. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, फळभाजीला हातभर लागते. वजनाचा विचार आधी करावा. २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की तिचे वजन ३० किलोच्या पुढे सहज जाते. अशा बादल्या ग्रिलवर टांगणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्याशी खेळ आहे. जड कुंड्या जमिनीवर भिंतीलगत ठेवाव्यात. गच्ची वापरावयाची तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खालच्या घरात ओल उतरणार नाही.

मातीचे प्रमाण सोपे आहे : एक भाग लाल माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग नारळाचा भुसा किंवा चुरलेला पालापाचोळा. खाडीकाठची माती उचलून आणू नये, तिच्यात मीठ असते. हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी येत होते म्हणून आम्ही बोअरवेलचे पाणी झाडांना घातले. महिनाभरात पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला. आम्ही समजलो की खत कमी पडले, म्हणून आणखी खत घातले. आईने मातीचा कण जिभेला लावला आणि म्हणाली, "खारट झालीय." आपल्याकडे मिठागरे होती हे ठाऊक असूनही ते आम्हाला सुचले नव्हते. माती खारट असली की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. ओल असूनही झाड तहानलेले राहते. तेव्हापासून आम्ही तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी साठवून घालतो. साबणाचे पाणी घालत नाही.

पाणी रोज ठरावीक तांब्यांनी मोजून घालू नये. बोटाचे एक पेर मातीत खुपसावे; कोरडे लागले तरच तळातून थेंब येईपर्यंत पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी साचू देऊ नये, निदान आठवड्यातून एकदा तरी ताटली ओतून घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

नवशिक्याने मेथीपासून सुरुवात करावी. मुंबईच्या बाजारात इवल्या जुड्यांची 'समुद्र मेथी' मिळते, ती समुद्रालगतच्या रेताड जमिनीत वाढवून कोवळेपणीच मुळासकट उपटलेली असते. तशी मेथी पसरट ट्रेमध्ये दोन आठवड्यांत तयार होते. माठ महिनाभरात, पालक तीस-चाळीस दिवसांत येतो. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन पाकळ्या कराव्यात व रात्रभर भिजवावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर सोडू नये. मिरचीचे रोप आधी लहान डब्यात करून वीतभर झाल्यावर हलवावे. धुवाधार पावसात कोवळी पालेभाजी झोडपली जाते, म्हणून पावसाळ्यात अळू, मायाळू, भेंडी यांवर भर द्यावा; मेथी, पालक, मुळा, टोमॅटो यांचा हंगाम हिवाळ्याचा.

पानांमागे मावा दिसला तर विषारी औषध आणू नये. ती भाजी आपल्याच पोटात जाणार आहे. पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. हटला नाही तर एक लिटर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल व साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

खत घरीच होते. भोके पाडलेल्या बादलीत ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला घालावा आणि दोन-तीन दिवसांनी ढवळावे. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो आणि त्याच्या धुराचा व वासाचा त्रास तेथील गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसला आहे. आपल्या घरातील भाजीची देठे दुसऱ्याच्या दारात का जावीत? ओला-सुका कचरा वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केलेच आहे. त्यापुढचे एक पाऊल आपण टाकावे.

हे सारे मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील व तेथील कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकातलाच ओला कचरा जिरवून भाज्या व फळझाडे वाढविली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच दाखविले की शेतीचे शास्त्र सामान्य माणूस स्वतः प्रयोग करून शिकू शकतो.

बँकेतील नोकरीमुळे जमा-खर्च मांडण्याची आम्हाला सवय आहे, म्हणून खरे तेच सांगतो. पहिल्या वर्षी आमचा खर्च भाजीच्या किमतीपेक्षा जास्त झाला. खिडकीतील वाफ्याने घराचा बाजार सुटत नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची, कधी पालेभाजी एवढे मिळते. पण रुळांलगत सांडपाण्यावर वाढलेली भाजी आपल्या ताटात येते की काय, ही शंका निदान तेवढ्या घासांपुरती मिटते. आणि घरातील वृद्धांचे ज्ञान वाया जात नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते : मूठभर मेथी पेरा, उगवण्याची तारीख, ऊन, पाणी वहीत लिहा. आणि पेरण्याआधी घरातील आजीला विचारा. शाळेने तिला कधी प्रश्न विचारला नाही, तुम्ही विचारा. आमच्या आईचे डोळे आता अधू झाले आहेत, तरी सकाळी ती प्रथम खिडकीशी जाते आणि मातीत बोट घालून पाहते. ते बोट कोणाच्या बांधावर नसून स्वतःच्या वाफ्यात असते.