चुंबकाचे औषध आणि चुंबकाचा पट्टा

बल्लारपूरच्या एका वस्तीत आम्ही तोंडाच्या तपासणीचे शिबिर घेतले. एका काकांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. पंधरा वर्षांपासून खर्रा. तोंडात दोन बोटेही जात नव्हती. "दवाखान्यात गेलात का?" विचारले, तर त्यांनी गळ्यातला चुंबकाचा पट्टा दाखवला. विकणारा म्हणाला होता, "रक्तातले लोह चुंबक ओढते, रोग निघून जातो. मुंबईचे शास्त्रज्ञही चुंबकाने कॅन्सर बरा करतात." त्यात सहा महिने गेले.

यात खरे काय आणि खोटे काय?

मुंबईच्या आयआयटीत असे संशोधन होते, हे खरे. तिथे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, तयार केले जातात. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने बसतील. कणावर लेप देऊन त्यावर औषध चढवायचे, सुईने शरीरात सोडायचे आणि बाहेरच्या चुंबकाने गाठीजवळ थांबवायचे. केमोचे औषध अंगभर कमी आणि गाठीत जास्त जावे, हा हेतू. दुसरा मार्ग उष्णतेचा. वेगाने दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला कॅन्सरच्या पेशी दुबळ्या होतात किंवा मरतात. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी अशा उपचाराला २०१० मध्ये मान्यता मिळाली, तीही किरणोपचाराच्या जोडीने. झिजलेली कूर्चा भरून काढायला पेशींत कण घालून त्या चुंबकाने जागेवर धरण्याचे प्रयोग मुख्यतः प्राण्यांवर झाले आहेत.

अडचणीही आहेत. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. बरेच कण यकृत आणि प्लीहाच अडवून ठेवतात. म्हणून हा अजून दवाखान्यातला रोजचा उपचार झालेला नाही.

मग पट्ट्याचे काय? रक्तातले लोह चुंबकाला चिकटतच नाही, म्हणून तर शास्त्रज्ञांना वेगळे कण बनवून सोडावे लागतात. एमआरआय मशीनचे चुंबक पट्ट्यापेक्षा कितीतरी ताकदवान असते. रक्त ओढले जात असते, तर त्यात गेलेला माणूस जिवंत बाहेर आला असता का? शिवाय कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

ताई-दादांनो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट झोंबणे, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर आशाताईंना सांगा आणि सरकारी दवाखाना गाठा. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण ते तपासल्यावरच कळते. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. कॅन्सरच निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

काकांना आम्ही चंद्रपूरला नेले. तुकडा तपासणीला गेला आहे. पट्टा अजून गळ्यात आहे. तो आम्ही ओढून काढला नाही. खर्ऱ्याची पन्नी मात्र त्यांनी स्वतःच आमच्या हातात दिली.