विश्लेषण : आदल्या रात्रीचा खिमा, सकाळची ताजी पाने… लाओसचा ‘लाप’ आधी करून ठेवता येतो का?

डब्यासाठी आदल्या रात्रीच स्वयंपाक उरकणाऱ्यांना खिमा सोयीचा वाटतो. पण त्यात पुदिना, कोथिंबीर आणि लिंबू घालून ठेवले, तर सकाळी पाने काळवंडलेली दिसतात. लाओसमधील ‘लाप’ हा नेमका असाच खिमा आणि ताज्या पानांचा पदार्थ. तो आधी करून ठेवता येतो, पण अर्धाच. कोणता अर्धा, हे समजून घेणे चवीसाठी आणि प्रकृतीसाठीही महत्त्वाचे आहे.

लाप म्हणजे काय?

लाओस आणि त्याला लागून असलेला ईशान्य थायलंडचा इसान प्रांत हे लापचे घर. डुक्कर, कोंबडी, बदक, गोवंश किंवा मासा यांपैकी कशाचाही खिमा यात चालतो. त्यात लिंबाचा रस, फिश सॉस, सुकी मिरची, लहान कांदे, पुदिना आणि भाजलेल्या चिकट तांदळाची भरड पूड घालतात. ‘लाप’ या शब्दाचा उच्चार तेथील ‘भाग्य’ या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. त्यामुळे सणासमारंभाच्या पानात त्याला मान असतो.

आदल्या दिवशी काय करावे?

अर्धा किलो चिकन खिमा पाव वाटी पाण्यात, तेल न घालता, गुठळ्या मोडत पूर्ण शिजवावा. दोन चमचे तांदूळ कोरडेच तांबूस भाजून भरड कुटावेत. चिकट तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालेल. ही पूड हवाबंद डब्यात वेगळी ठेवावी. ओल्या खिम्यात ती आधीच घातली, तर पाणी शोषून घेते आणि तिचा कुरकुरीतपणा जातो.

पाने आणि लिंबू शेवटीच का?

पानांचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. या द्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. लिंबातील आम्लामुळे ते बाहेर पडते आणि पाने मळकट तपकिरी होतात. मिठामुळे पानांतील पाणी सुटते आणि ती मलूल होतात. म्हणून खिमा गरम करून कोमट झाल्यावर लिंबू, फिश सॉस, मिरची, कांदा आणि तांदळाची पूड मिसळावी. धुऊन निथळलेली पाने अगदी वाढताना घालावीत.

लिंबाच्या रसात मांस शिजते का?

नाही. आम्लामुळे प्रथिनांची रचना बदलते, मांस पांढुरके आणि घट्ट दिसते. मात्र त्यातील जिवाणू आणि परजीवी मरतीलच असे नाही. कच्चा लापही खाल्ला जातो आणि धोका तिथेच आहे. थायलंडमध्ये कच्च्या डुकराच्या मांसातून ‘स्ट्रेप्टोकॉकस सुइस’ या जिवाणूचा संसर्ग होतो. त्यातून मेंदूज्वर आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून यकृतात जाणाऱ्या चपट्या कृमीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कर्ककारक ठरवले. ईशान्य थायलंडमध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक मानले जाते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

खिम्याला जास्त जपावे का लागते?

अखंड तुकड्यावर जिवाणू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून चिकनचा खिमा आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. शिजलेला खिमा पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर तासाभरातच. फ्रिजचे तापमान चार अंश किंवा त्याखाली असावे. तीन दिवसांत तो संपवावा आणि खाताना पुन्हा ७४ अंशांपर्यंत, चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा.

डब्यात कसा न्यावा?

खिमा एका कप्प्यात, पाने दुसऱ्यात, लिंबाची फोड आणि तांदळाची पूड वेगळी. दुपारपर्यंत डबा फ्रिजमध्ये ठेवण्याची आणि गरम करण्याची सोय हवी. सोबत चिकट भात, कोबीची पाने, काकडी आणि चवळीच्या कच्च्या शेंगा, अगदी लाओसमध्ये वाढतात तशा.