व्हिडिओ पहिल्या क्रमांकावर कसा येतो? व्यापाऱ्यांमधील काही गैरसमज

दुकानाची पाटी, रंगवलेली भिंत आणि वर्तमानपत्रातील चार ओळींची जाहिरात एवढ्यावर धंद्याची ओळख भागत असे, तो काळ मागे पडला. आज गिऱ्हाईक आधी मोबाईलवर शोध घेतो आणि मग दुकानाची पायरी चढतो. म्हणूनच कापडाचे व्यापारी, अत्तरविक्रेते, फर्निचरवाले, शिलाई व जरीकाम करणारे कारागीर यांच्यापैकी पुष्कळजण आपल्या मालाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागले आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु व्हिडिओ टाकला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. लोक शोधतात तेव्हा आपला व्हिडिओ वर का येत नाही?

या प्रश्नाभोवती आता एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. "महिन्याला एवढे पैसे द्या, व्हिडिओ पहिल्या क्रमांकावर आणून देतो," अशी हमी देणारे दलाल फोन करतात. लहान व्यापारी भुलतो, पैसे देतो आणि चार महिन्यांनी हाती काही लागत नाही. कधी कधी तर चॅनलच बंद पडते. कष्टाची कमाई अशी वाया जाऊ नये, यासाठी या विषयातील नेहमीचे गैरसमज येथे एकेक करून पाहू.

शोधाचे काम चालते कसे?

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. एखाद्या शब्दासाठी कोणता व्हिडिओ वर दाखवायचा हे ठरवताना आपण मुख्यतः तीन गोष्टी पाहतो, असे यूट्यूब स्वतः सांगते. पहिली गोष्ट, माणसाने जे विचारले त्याच्याशी व्हिडिओचा संबंध किती आहे. दुसरी, तेच विचारणाऱ्या इतर लोकांनी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला. तिसरी, त्या विषयात हे चॅनल जाणकार व भरवशाचे आहे काय.

साध्या भाषेत सांगायचे तर शोधाची पेटी म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा आहे. ज्याचे उत्तर सरस, तो वर. एवढे तत्त्व ध्यानात ठेवले की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज पहिला : भरपूर टॅग टाकले की व्हिडिओ वर येतो

व्हिडिओ चढवताना टॅग लिहिण्यासाठी एक चौकट असते. त्यात सुमारे ५०० अक्षरे मावतात. पुष्कळ लोक ती चौकट ठासून भरतात. विकतात सतरंजी आणि टॅगमध्ये लिहितात सिनेनटांची नावे, क्रिकेट आणि ताज्या बातम्या! व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, असे यूट्यूबने आपल्या मदत-पानावर स्पष्ट लिहिलेले आहे. एखादा शब्द लोक नेहमी चुकीच्या स्पेलिंगने लिहीत असतील, तर टॅगचा थोडा उपयोग होतो. तेवढेच त्याचे काम.

हेच टॅग माहितीच्या मजकुरात, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, ओळीने कोंबले तर ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. म्हणजे फायदा नाहीच, उलट नुकसान.

गैरसमज दुसरा : व्ह्यूज विकत घेतले की काम झाले

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. पूर्वी व्हिडिओ किती वेळा उघडला गेला याला फार महत्त्व होते, हे खरे. लोक भडक चित्र व खोटे शीर्षक लावून व्हिडिओ उघडायला लावीत. पाहणारा फसला की दहा सेकंदांत निघून जाई, पण आकडा मात्र वाढे. २०१२ साली यूट्यूबने हे गणित बदलले. नुसता आकडा बाजूला ठेवून लोक किती वेळ पाहत राहतात यावर भर दिला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये हाच नियम शोधालाही लागू केला.

आता विकतच्या व्ह्यूजचा विचार करा. ते यंत्राने फिरवलेले असतात, किंवा पैसे घेऊन बटण दाबणाऱ्यांचे असतात. त्यांना ना आपला माल घ्यायचा असतो, ना आपली गोष्ट ऐकायची असते. असे आकडे पकडले गेले की ते वजा होतात आणि चॅनलवर कारवाई होऊ शकते. येथे एक बाब फार महत्त्वाची आहे. हे काम तुम्ही केले नाही, तुम्ही नेमलेल्या माणसाने केले, तरी शिक्षा तुमच्याच चॅनलला होते. "मला ठाऊक नव्हते" ही सबब चालत नाही. दलाल दुसरे गिऱ्हाईक शोधतो. वर्षानुवर्षे जमवलेले चॅनल तुमचे जाते.

तराजूत खोटे वजन टाकणाऱ्याला बाजार ओळखतो. मापात पाप येथेही लपत नाही.

गैरसमज तिसरा : पहिल्या क्रमांकाची हमी मिळू शकते

मुळात "पहिला क्रमांक" असा एकच एक नसतो. त्या माणसाने पूर्वी काय शोधले, काय पाहिले याचाही निकालावर परिणाम होतो. त्यामुळे तुमच्या मोबाईलवर वर दिसणारा व्हिडिओ नागपूरच्या गिऱ्हाइकाला खाली दिसू शकतो. तुम्ही स्वतःचाच व्हिडिओ रोज पाहता, म्हणून तुम्हाला तो वर दिसण्याचा संभव अधिक असतो! दलाल नेमका हाच पडदा दाखवून पैसे वसूल करतो.

दुसरी हातचलाखी शब्दांची असते. जे शब्द कोणीच शोधत नाही, त्या शब्दांवर व्हिडिओ पहिला आणणे सोपे असते. आपल्याच दुकानाचे संपूर्ण नाव लिहून शोधले तर आपला व्हिडिओ वर येणारच. त्यात कसला पराक्रम? जो तुमचे नाव जाणतो तो तुमच्याकडे येणारच आहे. जो नाव जाणत नाही, पण माल शोधतो आहे, तो खरा नवा गिऱ्हाईक.

गैरसमज चौथा : जाहिरातीचे पैसे भरले की शोधातही वर जागा मिळते

जाहिरात आणि शोध ही दोन वेगळी खाती आहेत. जाहिरातीचे पैसे भरले तर ती जाहिरात म्हणून दिसते आणि पैसे संपले की बंद होते. मूळ शोधात वरची जागा देण्यासाठी आपण पैसे घेत नाही, असे यूट्यूबने जाहीर केलेले आहे. जाहिरात करूच नये असा याचा अर्थ नाही. ईदच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात ती उपयोगी पडू शकते. पण ती जाहिरात म्हणूनच करावी, शोधातील जागेची किंमत म्हणून नव्हे.

गैरसमज पाचवा : शीर्षक जितके मोठे व भडक तितके चांगले

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाईलवर त्यातील सुरुवातीचेच शब्द नजरेस पडतात. तेव्हा कामाचा शब्द आधी यावा. पण कामाचा शब्द कोणता? येथे पुष्कळ जाणकार कारागीरही चुकतात, कारण ते आपल्या कारखान्यातली भाषा लिहितात आणि गिऱ्हाईक आपल्या अडचणीची भाषा लिहितो.

मिरजेचे उदाहरण घेऊ. तेथील शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये बनवण्याची कला जोपासली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, अशा एखाद्या कारागिराने "आमच्या दुकानातील उत्तम वाद्ये" असे शीर्षक देऊन व्हिडिओ टाकला. हे शब्द कोण शोधणार? शिकणारा विद्यार्थी लिहितो, "तंबोऱ्याची जवारी कशी काढावी", "तंबोऱ्याची तार का तुटते", "सतार घेताना काय पाहावे". घोडीवर तार कशी टेकते, तिच्याखालचा दोरा किती सरकवला म्हणजे आवाज खुलतो, हे त्या कारागिराच्या बोटांना पाठ असते. तीच गोष्ट पाच मिनिटांत दाखवली आणि शीर्षक गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहिले, तर तो व्हिडिओ प्रश्नाचे उत्तर झाला.

यातच भाषेचाही मुद्दा येतो. मराठी माणूस "तंबोरा" म्हणतो, हिंदी-उर्दू बोलणारा "तानपुरा" म्हणतो आणि पुष्कळजण रोमन लिपीतच टाइप करतात. आपला माल कोणाला विकायचा आहे हे ठरवून त्याच्या भाषेत शीर्षक द्यावे आणि दुसरा प्रचलित शब्द माहितीच्या मजकुरात सहज वाक्यातून आणावा. एकाच व्हिडिओला निरनिराळ्या भाषांत शीर्षक व माहिती जोडण्याची सोय यूट्यूबने दिलेली आहे. तिचा खर्च शून्य आहे, तरी फार थोडे लोक ती वापरतात.

खोट्या शीर्षकाबद्दल वेगळे सांगायला नको. "फुकट साडी" असे लिहून आत दरपत्रक वाचून दाखवले, तर पाहणारा निघून जातो. लोक उघडतात आणि लगेच जातात, हीच खूण व्हिडिओला खाली ढकलते.

गैरसमज सहावा : व्हिडिओ लांबलचक हवा, आणि रोज हवा

पाहण्याच्या वेळेला महत्त्व आहे म्हटल्यावर काहींनी तीन मिनिटांची गोष्ट वीस मिनिटांवर ताणायला सुरुवात केली. पाच मिनिटे सलाम-दुआ, दुकानाचा इतिहास, "चॅनल सबस्क्राइब करा" अशी विनवणी, आणि मग मुद्दा. तोवर गिऱ्हाईक गेलेला असतो. किती मिनिटे पाहिले हे जसे मोजले जाते, तसे एकूण व्हिडिओपैकी किती भाग पाहिला हेही मोजले जाते. विषयाला जेवढा वेळ लागतो तेवढाच घ्यावा.

व्हिडिओ रोज टाकलाच पाहिजे, अमुकच वाजता टाकला पाहिजे, हाही असाच समज आहे. टाकण्याची वेळ दीर्घकालीन यशावर थेट परिणाम करते असे आढळलेले नाही, असे यूट्यूब सांगते. शोधातून येणारा माणूस तर सहा महिन्यांनी, दोन वर्षांनीही येतो. आठवड्याला सात कच्चे व्हिडिओ टाकण्यापेक्षा महिन्याला दोन पक्के बरे.

गैरसमज सातवा : चालला नाही तर काढून पुन्हा टाकावा

हे पेरलेले बी उकरून पाहण्यासारखे आहे. व्हिडिओ काढून पुन्हा टाकला की त्याला नवा पत्ता मिळतो. जुने व्ह्यूज, जुन्या प्रतिक्रिया आणि कोणी इतरत्र दिलेला दुवा हे सारे बुडते. त्यापेक्षा व्हिडिओ तसाच ठेवून त्याचे शीर्षक, माहिती आणि वरचे चित्र, म्हणजे थंबनेल, बदलता येते. चूक सुधारण्याचा हा बिनखर्चाचा मार्ग आहे.

गैरसमज आठवा : यूट्यूब आणि गूगल एकच

मालक एक असला तरी बाजार दोन आहेत. यूट्यूबवर वर असलेला व्हिडिओ गूगलच्या पानावर दिसेलच असे नाही. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांनी एक गोष्ट पाहावी. एखाद्या पानावर व्हिडिओ हाच मुख्य मजकूर असेल तरच त्या पानाचा व्हिडिओ म्हणून विचार करायचा, असे धोरण गूगलने २०२३ पासून ठेवले आहे. म्हणून एका पानावर दहा व्हिडिओ कोंबण्यापेक्षा प्रत्येक महत्त्वाच्या व्हिडिओला स्वतंत्र पान द्यावे.

शिवाय काही प्रश्नांचे उत्तर व्हिडिओ नसतेच. "जवळचा शिंपी" किंवा "शिलाई मशीन दुरुस्ती" असे शोधणाऱ्याला पत्ता, फोन आणि दुकानाची वेळ हवी असते. त्यासाठी गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी. ती विनामूल्य होते.

मग करायचे काय?

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. गल्ल्यावर एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक दिवसभरात जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. रंग जाईल काय? खरी जर कशी ओळखावी? अत्तर कपड्यावर डाग पाडते काय? महिन्याभरात पंचवीस-तीस प्रश्न सहज जमतील. प्रत्येक प्रश्न हा एक व्हिडिओ आहे.

दुसरे, तोच प्रश्न यूट्यूबच्या शोधपेटीत लिहून पाहा. खाली आपोआप उमटणाऱ्या सूचनांवरून लोकांचे शब्द कळतात. आज वर असलेले दोन-तीन व्हिडिओ पाहा आणि त्यांनी काय सांगायचे ठेवले आहे ते टिपा.

तिसरे, व्हिडिओत मुद्दा पहिल्या अर्ध्या मिनिटात आणा. उजेड पुरेसा ठेवा आणि आवाज स्वच्छ ठेवा. मागे सिनेमाचे गाणे लावू नका. हक्काचे संगीत यंत्र ओळखते आणि त्यामुळे व्हिडिओ अडवला जाऊ शकतो.

चौथे, महिन्यातून एकदा हिशेब तपासा. यूट्यूब स्टुडिओमध्ये कोणते शब्द शोधून लोक तुमच्या व्हिडिओपर्यंत आले याची यादी मिळते, आणि लोक कोणत्या क्षणी निघून गेले याचा आलेखही मिळतो. ही तुमची खरी खातेवही आहे. ती चॅनलच्या मालकाला फुकट दिसते. ज्याला काम दिले आहे त्याच्याकडे ही यादी मागा. तो दाखवायला कचरत असेल तर समजून घ्या. आणि चॅनलचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. मदतनीस नेमायचाच असेल तर स्टुडिओतून त्याला मर्यादित अधिकार देता येतात.

एवढे करूनही व्हिडिओ वर येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु हा खर्च पैशाचा नाही, वेळेचा आहे, आणि तो वाया जात नाही. व्हिडिओ शोधात मागे राहिला, तरी तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवता येतो आणि दुकानात तेच उत्तर पन्नास वेळा देण्याचे वाचते. आपल्या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे हुन्नर आहे. लोक मोबाईलवर तेच शोधत आहेत. ते खरेपणाने आणि त्यांच्या शब्दांत दाखवणे आपल्या हातात आहे. पहिला क्रमांक विकणाऱ्या दलालाकडे हे हुन्नर नसते, म्हणून तर त्याला हमी विकावी लागते.