मनातल्या चित्रांची शंभर वर्षं

नैराश्यात असलेल्या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. ‘चांगलं काहीतरी मनात आण’, ‘डोळे मीट आणि आनंदाचे क्षण आठव’ हे त्यांचे नेहमीचे सल्ले. सांगणाऱ्याला मनापासून वाटत असतं, पण ऐकणारा डोळे मिटतो तेव्हा त्याला काही दिसत नाही, किंवा दिसतं ते नकोसं असतं. मग ‘मला एवढंही जमत नाही’ ही नवी टोचणी मागे लागते. तरीसुद्धा मनातली चित्रं नैराश्यात मदतीला येऊ शकतात, असं मानायला आज चांगला आधार आहे. मात्र कोणतं चित्र पाहायचं, ते कसं पाहायचं आणि पाहून झाल्यावर काय करायचं, हे उमगायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. या काळात दावे फार मोठे झाले आणि दुर्लक्षही तेवढंच मोठं झालं.

सुरुवात फ्रान्समधल्या नॅन्सी शहरापासून करावी लागते. तिथे एमिल कुए नावाचे फार्मासिस्ट लोकांना विनामूल्य स्वयंसूचना शिकवत. १९२०च्या दशकात त्यांचं नाव युरोप-अमेरिकेत सर्वतोमुखी झालं. सकाळी उठताना आणि रात्री झोपताना एक आश्वासक वाक्य वीसदा पुटपुटायचं, मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हातात ठेवायची, एवढी साधी त्यांची पद्धत. तिच्यामागचा विचार मात्र साधा नव्हता. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांचा सामना झाला की कल्पनाशक्तीच जिंकते, असं कुए सांगत. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालत जातो, पण तीच फळी मनोऱ्याइतक्या उंचीवर टाकली की पाय लटपटतात, कारण पडण्याचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, हे त्यांचं आवडतं उदाहरण होतं. ‘मनाचा हिय्या कर’ हा उपदेश नैराश्यात का फसतो, याचं उत्तर त्यात होतं. एकच वाक्य सगळ्या दुखण्यांवर चालेल, ही त्यांची धारणा मात्र टिकली नाही. १९२६ साली कुए वारले आणि त्यांची लाटही ओसरली.

त्याच सुमारास झुरिकमध्ये कार्ल युंग वेगळ्या वाटेनं निघाले होते. फ्रॉइड यांच्याशी फारकत झाल्यावर, १९१३पासून, ते स्वतःच्या मनात उमटणाऱ्या प्रतिमांना सामोरे जात, त्यांच्याशी संवाद करत आणि ते सगळं चित्रांसह लिहून ठेवत. ते ‘रेड बुक’ छापून यायला २००९ साल उजाडलं. पुढे फ्रान्समध्ये रोबेर देझॉय यांनी आणि जर्मनीत हान्सकार्ल लॉयनर यांनी जागेपणीच्या कल्पनाप्रवासाच्या पद्धती बसवल्या. पण या साऱ्या पद्धतींना जाणकार उपचारक आणि भरपूर वेळ लागे. घरी एकट्यानं कण्हत पडलेल्या माणसाच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही.

विद्यापीठांत तर मनातल्या चित्रांचा विषयच हद्दपार झाला होता. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाची घोषणा केली. बाहेरून दिसतं आणि मोजता येतं तेवढंच मानसशास्त्र, असा तो आग्रह होता, आणि डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र दुसऱ्या कोणाला दिसत नाही. पुढची पन्नास वर्षं अमेरिकेत या विषयावर गंभीर काम करणारे विरळाच. गंमत अशी, की ही बंदी मोडली ती वर्तनवादाच्याच घरातल्या माणसांनी.

दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पी भयगंडावर काम करत. भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड करायची, शरीर सैल सोडायचं आणि एकेक प्रसंग फक्त मनात पाहायचा, ही त्यांची पद्धत १९५८च्या त्यांच्या ग्रंथातून जगभर गेली. खरा साप समोर न आणताही सापाची भीती ओसरते, म्हणजे मनातलं चित्र शरीरापर्यंत पोचतं, हे त्यातून पटलं. त्यांचे शिष्य आर्नोल्ड लाझरस यांनी १९६८ साली हाच धागा नैराश्याकडे नेला. नैराश्यातल्या माणसाचं भविष्यच पुसलं गेलेलं असतं, ही त्यांची नेमकी नोंद. म्हणून ते रुग्णाला कल्पनेनं काळाच्या पुढे नेत. उद्या, पुढच्या आठवड्यात, काही महिन्यांनी तू तुझ्या आवडीच्या कोणत्या कामात रमलेला असशील, ते तपशिलानं बघ, असं सांगत. त्या चित्रातल्या गोष्टी पुढे प्रत्यक्ष करून पाहण्याची उभारी मिळावी, हा हेतू होता. १९७७ साली लाझरस यांनी अशा तंत्रांचं पुस्तक सामान्य वाचकांसाठीही लिहिलं.

फिलाडेल्फियात ॲरन बेक यांचं काम विचारांवरचं म्हणून ओळखलं जातं, पण रुग्णांच्या मनातल्या चित्रांवर त्यांनी १९७० सालीच लिहिलं होतं. नैराश्याच्या उपचारांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९७९चा ग्रंथ आजही पायाभूत मानतात. त्यात एक तंत्र आहे: हाती घ्यायच्या कामाची पायरीन्‌पायरी आधी मनात पाहायची. बाहेर पडायचं असेल, तर उठणं, कपडे बदलणं, चपला घालणं, दार ओढून घेणं, जिना उतरणं. यातली जी पायरी अंगावर येते, तिच्यापाशी थांबायचं आणि तिथे काय करता येईल ते ठरवायचं. इथे सुखाच्या चित्राला महत्त्व नाही, माणूस नेमका कुठे अडतो ते कळण्याला आहे. साऱ्या शंभर वर्षांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

महाराष्ट्रात मनातल्या चित्रांचा असा वापर मुख्यतः अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून पोचला. एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करणारे किशोर फडके यांनी ती इथे रुजवली, अंजली जोशी यांनी ‘मी, अल्बर्ट एलिस’ लिहून ती मराठी वाचकांच्या घरात नेली, आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती हजारोंपर्यंत पोचवली. या पद्धतीत कल्पनाचित्रांचा एक सराव आहे. एलिस यांचे सहकारी मॅक्सी मॉल्ट्सबी यांनी तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. वाईट प्रसंग मुद्दाम डोळ्यांसमोर आणायचा, मन कोसळू लागलं की ते ओळखायचं, आणि प्रसंग तसाच ठेवून भावना बदलता येते का ते पाहायचं: ‘सगळं संपलं’ इथून ‘वाईट झालं, पण मी उभा आहे’ इथपर्यंत. इथे दुःख पुसलं जात नाही, ते पेलण्याजोगं होतं.

संशोधक असे सावकाश पुढे जात असताना बाजार मात्र धावत सुटला होता. मॅक्सवेल मॉल्ट्झ यांचं ‘सायको-सायबर्नेटिक्स’ १९६०चं, जोसेफ मर्फी यांचं अंतर्मनाच्या शक्तीवरचं पुस्तक १९६३चं, शक्ती गवैन यांचं ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’ १९७८चं, आणि रॉन्डा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ २००६चं. यांतली काही पुस्तकं मराठीतही आली आणि रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलपर्यंत पोचली. त्यांनी कित्येकांना दोन घटका धीर दिला असेल, ते नाकारायचं कारण नाही. पण ‘मनात पक्कं पाहिलंत की विश्व ते तुम्हाला देतं’ या शिकवणीची दुसरी बाजू क्रूर आहे. मिळालं नाही, तर तुमचंच पाहणं कमी पडलं! अपराधीपणाची भावना हे मुळातच नैराश्याचं लक्षण आहे. त्यात ही भर घालणं म्हणजे आजारी माणसालाच आजाराचा जाब विचारणं आहे.

मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओएटिंगन यांनी १९९०च्या दशकापासून या गोड चित्रांची परीक्षा घेतली आहे. भविष्याची सुखद स्वप्नं रंगवणाऱ्यांना त्या वेळी नैराश्य कमी जाणवतं, पण पुढे काही काळानं त्यांच्यात नैराश्याची लक्षणं अधिक दिसतात, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं. स्वप्नातच मिळाल्याचं समाधान झालं, की हात हलेनासे होतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. म्हणून सुखद चित्रासोबत वाटेतला अडथळाही पाहावा, असं त्या सांगतात. बेक यांच्या पायऱ्यांशी हे किती जुळतं!

चित्रं रंगवणं नैराश्यात इतकं जड का जातं, याचा उलगडा एका वेगळ्याच प्रयोगातून झाला. १९८६ साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितलं. ‘आनंदी’ या शब्दावर एखादा म्हणेल, ‘धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी, वरात निघताना.’ या लोकांची उत्तरं मात्र ‘लहानपणी बरं होतं’ अशा मोघम धाटणीची येत. स्मृती होत्या, पण त्यांचे तपशील हाती लागत नव्हते. भूतकाळाचे रंग असे विरले, की भविष्य रंगवायला काही उरत नाही. याच निष्कर्षातून पुढे बेल्जियममध्ये नेमके प्रसंग आठवण्याचा सराव देणारी पद्धत तयार झाली. तिचा पहिला छोटा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांच्या कामानं या विषयाला भक्कम बैठक दिली. २००५-०६च्या सुमारास त्यांनी आधी विचारलं: एकच मजकूर शब्दांत विचार करून घेतला आणि चित्र म्हणून पाहिला, तर भावनेत फरक पडतो का? सहभागींना आधी लिंबू कापल्याचं चित्र उभं करायला शिकवलं. मग शेवट चांगला होणारे छोटे प्रसंग ऐकवले. एका गटानं ते स्वतः त्यात असल्यासारखे पाहायचे, दुसऱ्यानं फक्त अर्थाचा विचार करायचा. पाहणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली, शब्दांच्या गटाला तो लाभ झाला नाही. शब्दांत विचार करताना माणूस आपली तुलना त्या प्रसंगाशी करू लागतो, ‘माझ्या वाट्याला असं कुठे येतं?’ असं त्याचं मन म्हणतं, हे एक संभाव्य कारण. नैराश्यातला माणूस दिवसभर शब्दांचाच रवंथ करत असतो, हे लक्षात घेतलं की या प्रयोगाचं मोल कळतं.

दरम्यान लंडनमध्ये ख्रिस ब्रुइन आणि सहकारी जुन्या, पुन्हा पुन्हा घुसणाऱ्या आठवणींकडे वळले. अपमानाचा, मारहाणीचा किंवा मृत्यूचा प्रसंग मनात पुन्हा उभा करायचा आणि आजच्या मोठ्या, समजत्या ‘मी’ला त्यात शिरू द्यायचं, त्या वेळच्या असहाय जिवाला जे हवं होतं ते द्यायचं. नैराश्याच्या दहा रुग्णांवर सरासरी आठ बैठकांत हा उपचार केला. लक्षणांत झालेली मोठी घट वर्षभरानंतरही टिकली, असं त्यांनी २००९ साली नोंदवलं. दहा रुग्णांवरून अंतिम निष्कर्ष निघत नाही, पण दिशा मिळते. आणि हे काम एकट्यानं घरी करायचं नाही, तज्ज्ञाच्या सोबतीनंच करायचं, हेही इथेच सांगायला हवं.

मोठी कसोटी २०१५ साली लागली. सायमन ब्लॅकवेल, होम्स आणि सहकाऱ्यांनी १५० नैराश्यग्रस्तांना चार आठवडे इंटरनेटवरून सकारात्मक चित्रांचा सराव दिला. तुलनेच्या दुसऱ्या सरावापेक्षा नैराश्य काही जास्त कमी झालं नाही. संशोधकांनी ते झाकलं नाही, याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. खोलात गेल्यावर मात्र एक खूण दिसली: कशातच रस न वाटणं, हे लक्षण या सरावानं हललं असावं. २०१९ साली फ्रिट्झ रेनर आणि सहकाऱ्यांनी सर्वसामान्य लोकांवर केलेल्या प्रयोगात, ठरवलेलं काम मनात जिवंतपणे पाहणाऱ्यांची ते करण्याची इच्छा आणि त्यातून आनंद मिळेल ही अपेक्षा वाढलेली आढळली.

या दोन निष्कर्षांना आपल्या भूमीवरची एक जोड आहे. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांसोबत एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना दिवसातली छोटी, आवडीची कामं पुन्हा सुरू करायला मदत केली. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या लक्षणांतून बऱ्यापैकी बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. तिथे भर कल्पनाचित्रांवर नव्हता, कृतीवर होता. पण कृतीकडे पहिलं पाऊल टाकवत नाही, हेच तर नैराश्याचं दुखणं. मनातलं चित्र उपयोगी पडतं ते नेमकं या पहिल्या पावलापाशी.

म्हणून या मागोव्यातून माझा निष्कर्ष असा: चित्र लहान असावं, उद्याचं असावं आणि कृतीला जोडलेलं असावं. बंगला-गाडी, यश, बदललेलं आयुष्य नको. उद्या सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं पुरे. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, दुरून स्वतःकडे बघितल्यासारखं नको. तांब्याचा गारवा, ओल्या मातीचा वास, खालच्या रस्त्यावरचे आवाज हे सगळं येऊ द्या. कुठे अडेल तेही बघा, अंथरुणातून उठणंच अवघड असेल तर त्याचीच पायरी पाडा. मग उद्या तेवढंच करा. जमलं नाही, तर पायरी आणखी लहान करा, स्वतःला दोष देऊ नका. काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. त्यांनी आवाज, स्पर्श, हालचाल यांचा आधार घ्यावा किंवा ही वाट सोडून सरळ कृतीकडे जावं.

हे तंत्र उपचारांना पूरक आहे, उपचारांच्या जागी नाही. चालू गोळ्या मनानं थांबवू नका. आणि डोळे मिटल्यावर स्वतःला संपवण्याची चित्रं येत असतील, तर कोणताही सराव तिथेच थांबवा, घरातल्या एका माणसाला सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. २०२२पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि दिवसरात्र उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी नसला तर ओळखीच्या कोणासाठी.