नॅनो युरिया: अर्ध्या लिटरची बाटली आणि ४५ किलोची गोणी, वाद नेमका काय?

खताच्या दुकानात युरियाच्या गोणीसोबत आता एक छोटी बाटलीही दिसते. ती आहे नॅनो युरियाची. इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये हे द्रवरूप खत आणलं. ५०० मिलीची एक बाटली युरियाच्या एका गोणीचं काम करते, असा दावा करण्यात आला.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात. या खतातले कण २० ते ५० नॅनोमीटरचे असल्याचं इफ्को सांगते. फवारणीनंतर ते पानांत शिरतात आणि खत कमी वाया जातं, असं त्यामागचं तत्त्व.

मग आक्षेप कशावर?

४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असतं. सुरुवातीच्या नॅनो युरियात ते ४ टक्के होतं, म्हणजे बाटलीत साधारण २० ग्रॅम. गोणीतलं दोन तृतीयांश नत्र वाया गेलं, तरी पिकाला ६ किलोहून जास्त मिळतं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात नेहमीच्या नत्राचा काही भाग कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. इफ्को मात्र देशभरात शेतांवर घेतलेल्या आपल्या चाचण्यांचा दाखला देते. पुढे जास्त नत्राचा 'नॅनो युरिया प्लस'ही आला.

धोका कोणाच्या माथी?

युरियाचा अतिवापर माती आणि पाण्याला घातक आहे, त्यामुळे पर्याय हवाच. युरियाचा खप घटला तर सरकारचा अनुदानाचा खर्चही वाचतो. पण उत्पादन घटलं, तर नुकसान एकट्या शेतकऱ्याचं होतं.

त्यात महाराष्ट्रात 'लिंकिंग'च्या तक्रारी होत आल्या आहेत. अनुदानित खत हवं असेल तर सोबत नॅनो खत किंवा दुसरं उत्पादन घ्यावंच लागेल, अशी ही सक्ती. नवं तंत्रज्ञान वापरायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्कच इथे जातो.

नॅनो कृषी उत्पादनांची सुरक्षितता आणि परिणामकारकता कशी तपासायची, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०२० मध्येच काढल्या आहेत. पण चाचण्यांचे निकाल शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत मिळाले, तरच त्यांचा उपयोग.

शेतकऱ्याने काय करावं?

आधी थोड्या क्षेत्रावर वापरून पाहा. पक्कं बिल घ्या. फवारताना मास्क आणि हातमोजे वापरा. दुकानदाराने सक्ती केली, तर कृषी विभागाकडे तक्रार करा.