ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊ देऊ नका



आमच्या विभागाचे काम बेणे, खत आणि लागवडीच्या नोंदीचे. पण गटात फिरताना वाटेत ट्रॉल्याच जास्त भेटतात. हंगामाआधी त्यांच्या जोडणीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस जरूर वाटते.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हा विषय नवा नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते अन् बैलांच्या गळ्याला ताण बसतो. भार पुढे आला की तो बैलांच्या मानेवर. बैल अडतो, मान टाकतो, काहीतरी सांगतो. ट्रॅक्टर सांगत नाही! दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. हूक मागच्या एक्सलच्याही मागे असल्याने तराजूच्या दांडीसारखे ट्रॅक्टरचे तोंड वर जाऊ पाहते. सपाट सडकेवर हे कळत नाही. बांधीतून पांदणीवर किंवा तलावाच्या पाळीवर चढताना मात्र स्टिअरिंग फिरवावे अन् ट्रॅक्टर वळू नये, असा प्रकार होतो. वरठीला रेल्वेमार्ग ओलांडायचा असतो. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे जड गाड्यांची ये-जाही असते. तिथे चाक वळले नाही तर समोरच्याला बाजूला व्हायला जागा कुठली?

हिशेब सोपा आहे. समजा ट्रॅक्टर 2000 किलोचा, त्यातले 800 किलो पुढच्या चाकांवर. दोन्ही एक्सलमध्ये अंतर 200 सेंटीमीटर, हूक मागच्या एक्सलच्या 60 सेंटीमीटर मागे. हुकावर 1000 किलो आले की पुढचे 300 कमी होऊन 500 उरतात. हुकावर दीड टन आले तर 350 च उरतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे 400, पुढे राहावा असा ठोकताळा आहे. शिवाय चढावर ओढ बसली की पुढचे वजन आणखी घटते.

परदेशात मोटारीमागे ट्रेलर जोडताना वजन वाटून देणारा खास जोड लावतात. त्यातील ताणलेल्या पोलादी दांड्या हुकावरचा काही भार मोटारीच्या पुढच्या चाकांकडे अन् ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. आपल्या उसाच्या ट्रॉलीचे काम वेगळे. येथे ते नीट जोडणी, नीट भरणी आणि पुढची वजने यांनी साधायचे.

ट्रॉली खालच्या, ट्रॅक्टरच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या जागी साखळी बांधून ओढणे म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटण्यास आमंत्रण. भरलेली ट्रॉली जमिनीला समांतर राहील अशी हुकाची उंची धरावी. पिन भोकात खुळखुळता कामा नये. पिनेला खालून खिळ हवीच, आणि ती तारेचा तुकडा नव्हे. सोबत सुरक्षा साखळीही हवी. वळणावर ताणणार नाही एवढीच ढील ठेवावी.

मोळ्या भरताना भाराचा मध्य ट्रॉलीच्या एक्सलच्या किंचित पुढे यावा. मागे लोंबणारा ऊस पाहून "जागा आहे, आणखी दोन मोळ्या टाक" म्हणणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. त्याने ट्रॉली उलाळ होते, हूक वर ओढला जातो अन् मागच्या टायरांची पकड जाते. चार चाकी ट्रॉली स्वतःचे वजन स्वतः पेलते, हुकावर मुख्यतः ओढच येते. ज्यांना नवी घ्यायची आहे त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. मात्र ओढीमुळे चढावर तोंड हलके होणे तिच्यातही चुकत नाही.

पुढची वजने कंपनीचीच, बोल्टने कसून बसवावीत. पुढच्या एक्सलच्या 50 सेंटीमीटर पुढे 100 किलो लावले तर वरच्या हिशेबात पुढच्या चाकांवर 125 वाढतात. 350 चे 475 होतात. दोरीने बांधलेला दगड किंवा बॉनेटवर बसवलेला पोऱ्या हा उपाय नव्हे. मागच्या टायरात भरलेले पाणी पकड वाढवते, पण पुढच्या चाकांना त्याचा काही उपयोग नाही.

आपला ट्रॅक्टर कुठे बसतो हे पाहायचे असल्यास वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवावीत. आधी रिकामा ट्रॅक्टर, मग भरलेली ट्रॉली जोडून. दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. मात्र हे काम रांग लागलेली असताना काढू नये, काटेवाल्याच्या शिव्या आम्हांला खाव्या लागतात. दुपारी गर्दी ओसरल्यावर यावे.