पडद्यावरचं पुणे

३१ मार्च २०२५ ला स्मार्ट सिटी मिशन संपलं. पुण्यात त्याची ना सभा झाली, ना शोकसभा. ज्या योजनेसाठी २५ जून २०१६ रोजी पंतप्रधान बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आले आणि चौदा प्रकल्पांचा प्रारंभ करून गेले, ती आर्थिक वर्षअखेरीच्या बिलांच्या गर्दीत कधी उठून गेली ते कुणाला कळलंही नाही. आम्हा औंधकरांना तर आधीच चाहूल लागली होती. चौकातला मोठा एलईडी फलक कधीतरी बंद पडला, मग त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला, आणि फलकापेक्षा फ्लेक्स जास्त दिवस टिकला.

या दहा वर्षांबद्दल लिहायचं तर पुणेकराला पेशव्यांपासून सुरुवात करायची खोड असते. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळातून पाणी आणलं, पेठांतले हौद भरले, वगैरे. ते सगळ्यांना पाठ आहे, सोडून देतो. पानशेतचा पूरही सोडतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं पुणं मी पाहिलंय आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांना माझा नमस्कार. मला ते शहर बऱ्यापैकी कंटाळवाणं वाटायचं. दुपारी एक ते चार झोपणारं, घरमालक-भाडेकरूंच्या खटल्यांत अडकलेलं, सायकलच्या घंट्यांनी भरलेलं. त्या काळातली एकच गोष्ट इथे नोंदवतो, कारण ती पुढच्या सगळ्या प्रकरणावर भाष्य करते. जंगली महाराज रस्ता. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं तो बांधला, दहा वर्षांची हमी लिहून दिली, आणि पुढे कित्येक दशकं त्या रस्त्याला खड्डा ठाऊक नव्हता. त्यासाठी ना सेन्सर लागला, ना ॲप. कंत्राटदाराला आपल्या कामाशी बांधून ठेवणारा एक कागद लागला. तसा कागद महापालिकेनं पुन्हा फारसा लिहून घेतला नाही, यातच बरंच काही आलं.

दोन हजारच्या दशकात दोन-तीन चांगली बीजं पडली. २००६ च्या सुमारास सहभागी अंदाजपत्रक सुरू झालं. नागरिकानं अर्ज भरून आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं आणि ते अंदाजपत्रकात यायचं. त्याच सुमारास 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्यामागे बाबा आढावांच्या प्रेरणेनं १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची पुण्याई होती. उकिरड्यावर कचरा उपसणाऱ्या बाया आता गणवेश घालून दारोदार येऊ लागल्या, दरमहा थेट घराघरातून शुल्क घेऊ लागल्या. बससाठी राखीव मार्गिकांची बीआरटीही तेव्हाचीच. स्वारगेट-कात्रज, हडपसर. तिच्यावर इतकं लिहून झालंय की मी हात जोडतो. एवढंच सांगतो, की नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका नंतर उखडून टाकली आणि कोंडी होती तशीच राहिली.

आणि मग २०१५ आलं.

त्या वर्षीचा उत्साह खोटा नव्हता, हे आधी सांगायला हवं. जूनमध्ये केंद्रानं शंभर शहरांची योजना जाहीर केली. केंद्राकडून शहरामागे पाच वर्षांत पाचशे कोटी आणि तितकेच राज्य व महापालिकेचे. आयुक्त कुणाल कुमार झपाटून कामाला लागले. घरोघर फॉर्म आले, लाखो सूचना आल्याचं सांगितलं गेलं. आमच्या सोसायटीतही बैठक झाली. निवृत्त इंजिनिअर, आयटीतली पोरं, दोन गृहिणी, एक वकील, सगळे तावातावानं बोलले. लोकांनी मागितलं काय? वाहतूक सुधारा, पाणी द्या, कचरा उचला. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली तेव्हा भुवनेश्वर पहिलं आणि पुणं दुसरं. पहिल्या फेरीत महाराष्ट्रातून आपण आणि सोलापूर, एवढेच. पुणेकराला दुसरा नंबर सहन होत नाही, पण तेव्हा आम्ही तोही साजरा केला.

खटका तिथेच पडला होता, फक्त तो ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. योजना राबवायला महापालिका नव्हे, वेगळी कंपनी. संचालक मंडळावर महापौर आणि काही पदाधिकारी असतील, पण निर्णयाची जागा मुख्य सभेतून उठून कंपनीच्या बैठकीत जाईल, असा त्याचा अर्थ होता. नवी मुंबईच्या सभागृहानं याच मुद्द्यावर प्रस्ताव फेटाळला. पुण्याच्या सभागृहातही विरोधाचा आवाज उठला आणि आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांनी त्या नगरसेवकांना 'विकासाचे शत्रू' ठरवलं. त्यांच्यातल्या निम्म्यांचा विरोध तत्त्वाचा नव्हता, टक्क्यांचा होता, हे मान्य. पण मुद्दा बरोबर होता. नगरसेवक कसाही असला तरी रात्री अकराला त्याच्या दारात जाऊन ओरडता येतं. कंपनीच्या दारात रखवालदार असतो.

दुसरं म्हणजे जागा. सुमारे तीन हजार कोटींच्या आराखड्यातला मोठा वाटा औंध-बाणेर-बालेवाडी या एकाच पट्ट्यासाठी राखला गेला. मी इथलाच रहिवासी, तक्रार करायला मला तोंड नाही. तरी विचारतो: ज्या भागात आधीच रुंद रस्ते, मॉल आणि आयटीतले पगार होते तिथे नमुना उभा करून जनता वसाहत, येरवडा किंवा कात्रजच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांनी त्यातून शिकायचं काय होतं?

पण जे चांगलं झालं ते चांगलंच. औंधच्या डीपी रस्त्यावर आणि आयटीआय रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले. असे, की दोन आज्या आणि एक बाबागाडी शेजारीशेजारी चालू शकतील. बाकं आली, झाडांभोवती कट्टे आले, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आले. दुकानदारांनी बोंब मारली, पार्किंग गेलं म्हणाले. दोन वर्षांनी त्याच दुकानांसमोरच्या बाकांवर त्यांचीच गिऱ्हाइकं आइस्क्रीम खात बसलेली मी पाहिली. संध्याकाळी घराबाहेर पडायला घाबरणारी म्हातारी माणसं त्या फुटपाथमुळे पुन्हा चालायला लागली. या योजनेनं पुण्याला दिलेली सर्वांत हुशार वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी तो फुटपाथ दाखवीन. त्याला वीज लागत नाही. दुसरं नाव घेईन 'लाइटहाऊस'चं. वस्तीतल्या मुलामुलींना नोकरीसाठी तयार करणारं ते केंद्र औंधमध्येच सुरू झालं आणि पुढे पसरलं. भाषणात या दोन्हींचा उल्लेख मात्र पडद्यांवरून शहरावर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमच्या नंतर यायचा, वेळ उरला तर.

सायकलींची कथा तर डोळ्यांदेखत घडली. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवर कोड स्कॅन करा आणि निघा. पेडल, मग ओफो, मोबाइक, युलू, रंगीबेरंगी ताफेच्या ताफे. अर्ध्या तासाचं भाडं चहापेक्षा कमी. नातवाला घेऊन मीही हौसेनं चालवली. वर्ष-दीड वर्षात सायकली नदीपात्रात, झुडपांत, सोसायट्यांच्या जिन्याखाली सापडायला लागल्या. कंपन्या एकेक करून आवरत्या झाल्या. दोष पुणेकरांच्या नागरिकत्वावर टाकला गेला आणि तो थोडा खराही आहे. पण सायकल चालवायची कुठे? एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात सायकलचा रस्ता म्हणजे फुटपाथवर ओढलेला पट्टा, मध्ये डीपी बॉक्स, पुढे रिक्षा स्टँड. आधी सायकली आणल्या, रस्ता नंतर बघू म्हणाले. नंतर कुणीच बघितलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये महापालिकेनं चोवीस तास पाण्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली. कौतुकाची गोष्ट होती, देशभर बातमी झाली. मिशन संपलं तेव्हा चोवीस तास पाणी संपूर्ण शहराला मिळालेलं नव्हतं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातलं कुणीच विसरलेलं नाही. कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढ्यानं आपली जागा परत मागितली. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर. भिंती पडल्या, गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहिल्या, वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र कुणी अरुंद केलं, कुणी त्यावर भराव टाकला, कुणी बांधकामाला परवानगी दिली, हे सगळं महापालिकेच्याच फायलींत होतं. त्यासाठी उपग्रह नको होता. जुना नकाशा काढून त्या ओढ्याच्या काठानं एकदा चालत गेलं असतं तरी पुरलं असतं. त्या रात्रीनंतर जे काम व्हायला हवं होतं ते म्हणजे शहरातल्या प्रत्येक ओढ्याला त्याची रुंदी परत देणं. झाल्या त्या सीमाभिंती, त्याही सावकाश.

कोविडमध्ये मात्र कंट्रोल रूम कामाला आली, हे नाकारणार नाही. आकडे एका जागी जमले, रुग्ण कुठल्या पेठेत वाढतात ते दिसू लागलं. पण २०२० च्या त्या एप्रिल-मेमध्ये शहर चालू कुणी ठेवलं? सगळं कुलूपबंद असताना सकाळी साताला शिट्टी वाजवत येणाऱ्या 'स्वच्छ'च्या बायांनी. मास्क पुरेसे नव्हते तेव्हाही त्या आल्या. आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांचा महापालिकेशी करार संपला तेव्हा सभागृहात कंत्राटदारांची नावं पुढे येऊ लागली. महिनोन् महिने मुदतवाढीवर लोंबकळत ठेवून मगच नवा करार झाला. साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकरी, बहुतेक दलित स्त्रिया, महापालिकेच्या तिजोरीवर फारसा भार न टाकता शहराचा कचरा उचलतात. हा नमुना बघायला परदेशातून माणसं येतात. आपल्या स्मार्टपणाच्या जाहिरातीत त्यांना कोपऱ्यातली जागा मिळाली.

त्याच लॉकडाऊनच्या जुलैमध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले. जेमतेम चौदा वर्षांपूर्वी बांधलेले. मेट्रोच्या आड येतात म्हणून. औंधहून शिवाजीनगरला जाणाऱ्यांनी पुढची पाच वर्षं त्या चौकात कशी काढली हे विचारू नका. नव्या पुलावरून औंधची वाहनं जायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. आधी बांधताना मेट्रो येणार हे ठाऊक नव्हतं का? मेट्रोची चर्चा तेव्हाही होतीच. मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावली, आता ती स्वारगेटपर्यंत जाते आणि मी तिचा आनंदानं वापर करतो. उतरल्यावर पुढचा किलोमीटर कसा जायचा, हे अजून ज्याचं त्यानं बघायचं.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकराज. म्हणजे कंपनीनं जे सुरू केलं होतं तेच आता संपूर्ण शहराला लागू झालं. रात्री अकराला ओरडायला दारच उरलं नाही. याच काळात आसपासची गावं पोटात घेतलेलं पुणं क्षेत्रफळानं राज्यातली सर्वांत मोठी महापालिका म्हणून मिरवत होतं. ११ गावं २०१७ मध्ये, २३ गावं २०२१ मध्ये.

२५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले ते घरात शिरलेल्या पाण्यानं. पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्यानं तिघांचा जीव गेला. धरण ते एकतानगरी अंतर किती? पावसाळ्यात दुचाकीनं अर्ध्या तासाचं. एवढ्या अंतरावरची खबर पोचवायला भोंगा लावलेली एक रिक्षा पुरली असती.

आणि सहा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी. गुलियन बॅरे सिंड्रोम हा शब्द पुण्यातल्या भाजीवाल्यांनाही पाठ झाला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, चांगली धडधाकट माणसं हातपाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेली. त्या भागाला विहिरीचं पाणी जात होतं, ब्लीचिंगची पावडर टाकून. शुद्धीकरण केंद्र नव्हतं. खडकवासल्याच्या भिंतीजवळची ही गावं. त्यांच्या अंगणातलं पाणी शुद्ध होऊन आमच्या औंधात येतं, आणि त्यांना विहीर. त्या बातम्या येत होत्या तेव्हा मिशनचे शेवटचे दोन महिने चालू होते.

मला तंत्रज्ञानाचा राग नाही. सिग्नल संगणकानं चालले तर हवेच आहेत, ई-बस तर आवडतातच. राग आहे तो क्रमाचा. जे मोजायचं ते ठरवताना लोकांना विचारलं, एकदाच, २०१५ मध्ये; मग दहा वर्षं पडदे लावून बसले. पडद्यावर चौक दिसतो, ओढ्यावरचा भराव दिसत नाही. तो भराव पहिल्यांदा दिसतो शेजारच्या चाळीतल्या माणसाला, आणि त्यानं सांगायचं कुणाला, हाच प्रश्न या दशकानं मिटवण्याऐवजी वाढवला.

आता महापालिकेत निवडून आलेली माणसं परत बसली आहेत. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, ती भरवायची जबाबदारी त्यांची. तुमच्या प्रभागात अशी सभा शेवटची कधी झाली ते नगरसेवकाला विचारा. उत्तर बहुधा 'कधीच नाही' असेल. मग पुढची तारीख लिहून मागा, आणि त्या सभेत पहिला विषय ठेवा: आपल्या भागातला ओढा नकाशावर किती मीटर रुंद आहे, आणि जागेवर किती उरलाय.